ग्रोटमूरचा करकोचा

तक्रारी वाचून होईपर्यंत माल्टे ब्रोडरसन कॉफीला हात लावत नसे. रिकाम्या पोटी आपण जरा नम्र असतो, असा त्याचा स्वतःबद्दलचा अनुभव होता. कॉफी पोटात गेली की उत्तरं खोचक व्हायची, आणि खोचक उत्तर मिळालं की गिऱ्हाईक ते उचलून इंटरनेटवरच्या विमानवेड्यांच्या कट्ट्यावर नेऊन टांगायचं. मग आठवडाभर शेकडो अनोळखी माणसं माल्टेच्या संस्कारांची चर्चा करत बसायची.

त्याचा धंदा चारचौघांत सांगायला अवघडच होता. कील शहरात, बंद पडलेल्या एका बेकरीच्या वरच्या खोलीत बसून तो विमानतळ बांधायचा. खरे नव्हेत. घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा जो सिम्युलेटर मिळतो, त्यात बसवायचे. सिम्युलेटरवाली बडी कंपनी सगळं जग देते, पण ढोबळ. आपल्या आवडीचा विमानतळ हुबेहूब हवा असेल, तर तो माल्टेसारख्या एकांड्या शिलेदाराकडून वेगळा विकत घ्यावा लागतो. असे घेणारे जर्मनीत उदंड. निवृत्त पोस्टमास्तर, दातांचे डॉक्टर, ट्राम चालवणारे. अंगात चार सोनेरी पट्ट्यांचा शर्ट घालून ही मंडळी दिवाणखान्यातून माद्रिदला जातात, तेही खऱ्या विमानाला लागतो तेवढा वेळ घेऊन. बायकोनं जेवायला हाक मारली तर "आत्ता नको, उतरतोय" म्हणतात. यात हसण्यासारखं काही नाही. माणसं याहून वाईट गोष्टींत जीव अडकवतात.

माल्टेच्या सगळ्या विमानतळांत त्याचा लाडका होता ग्रोटमूर. कीलपासून तासाभरावरचा, पाणथळ माळावरचा एक हौशी क्लब. गवताची धावपट्टी, लाल विटांचं कॅन्टीन आणि चार छोटी विमानं. असला विमानतळ विकत कोण घेणार, असं सगळे म्हणाले होते. पण माल्टेनं त्यात जीव ओतला. कुंपणाला टेकवलेली सायकल केली. कॅन्टीनच्या फळ्यावर खडूनं 'आज मटाराचं सूप' लिहिलं. शेजारच्या शेतातल्या एका गोठ्याच्या छपरावर जुनं गाडीचं चाक आडवं बसवलेलं होतं, तेही घेतलं, आणि चाक आहे म्हणजे करकोचा पाहिजेच, म्हणून त्यावर काटक्यांचं घरटं रचून एका पायावर उभा असलेला करकोचा ठेवून दिला. लोक खूश झाले. तीन वर्षं झाली, ग्रोटमूर अजून खपत होता.

खूश झालेले लोक तक्रार करत नाहीत असं मात्र नाही. कासेलचे हेर क्लाविटर (हेर म्हणजे जर्मनीतले श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) सगळ्यांत जास्त खूश होते, म्हणून दर आठवड्याला लिहायचे. कधी कुंपणाची तार दोन बोटं जाड आहे, कधी सूप मंगळवारी असतं आणि तुम्ही ते रोज ठेवलंय. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एकच धोशा लावला होता: उड्डाण करताना चित्र अडखळतं. आणखी पन्नासेक लोकांनी री ओढली. माल्टेनं बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी पलीकडची पडकी वीटभट्टी, तिचं उंच धुराडं आणि आजूबाजूची झाडी उचलून टाकली. फार जड प्रकरण होतं ते. बरोबरच्या पुस्तिकेत 'धुराड्यापाशी डावीकडे वळा' असं होतं. आता धुराडंच नाही, तर वळणार कुठे? त्यानं तिथे 'पांढऱ्या कोठीपाशी डावीकडे वळा' असं करून टाकलं. धान्याची ती कोठी धुराड्याच्या बरीच अलीकडे होती आणि छान दिसायची. अडखळणं थांबलं. हेर क्लाविटरांनी चक्क आभार मानले. माल्टेनं ते पत्र बायकोला वाचून दाखवलं होतं.

आणि आता मे महिन्याच्या सुरुवातीला ही एक नवीच तक्रार आली.

'महाशय, तुमची विमानं दुपारी माझ्या छपरावरून इतक्या खालून जातात की करकोचा अंड्यांवरून उठतो. उठला की लवकर परत बसत नाही. अशानं अंडी गार पडतील. हे ताबडतोब बंद करा. वीबके थीसेन, ग्रोटमूर.'

माल्टेनं ते दोनदा वाचलं. सहीखाली ग्रोटमूर होतं, पण त्याचं त्याला नवल वाटलं नाही. सिम्युलेटरवाले सहीखाली आपला लाडका विमानतळ लिहितातच. कासेलच्या बाहेर क्वचित पडणारे हेर क्लाविटर सहीखाली झुरिक लिहायचे. 'माझ्या छपरावरून' हेही समजण्यासारखं होतं, कारण काही लोक चित्रातलं एखादं घर आपलं मानतात. कोडं निराळंच होतं. करकोचा उठतो म्हणजे काय? माल्टेचा करकोचा उठूच शकत नव्हता. तो एक पुतळा होता. त्याला उठता येण्यासाठी जे काही करावं लागतं, ते माल्टेनं कधी केलंच नव्हतं. आणि अंडी? घरट्यात अंडी त्यानं ठेवलीच नव्हती.

त्यानं नेहमीचं उत्तर पाठवलं. 'तक्रारीबद्दल आभार. कृपया कळवा: आवृत्ती कोणती? कॉम्प्युटर कोणता? आणखी काही बसवलंय का? तक्रार थोडक्यात.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आवृत्ती काय ते मला माहीत नाही. कॉम्प्युटर माझ्या भाचीचा आहे, त्याचा इथे काय संबंध ते तुम्हालाच ठाऊक. बसवलंय म्हणाल तर छपरावर चाक बसवलंय, ते आमच्या येन्सनं. तक्रार थोडक्यातच लिहिली होती. काल चार वेळा उठला.'

चाकाचा उल्लेख आला तेव्हा माल्टेची खात्रीच पटली. बाईंनी चित्र बारकाईनं पाहिलंय. म्हणजे यांच्या कॉम्प्युटरवर खरोखरच करकोचा उठत असणार. हे काय नवीन झेंगट? तो दोन दिवस ग्रोटमूरची एकेक फाईल उघडून बसला. करकोच्याच्या डोक्यावरून त्यानं स्वतः विमानं नेली, इतकी खालून की खऱ्या आयुष्यात परवाना गेला असता. करकोचा एका पायावर उभा तो उभाच.

'बाई,' त्यानं लिहिलं, 'तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. करकोचा जागचा हलत नाही. मी स्वतः तपासलंय.'

'तुम्ही स्वतः तपासलंय? कधी आला होतात? मला तर कुणी दिसलं नाही. मी दिवसभर अंगणातच असते. एक तर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर चष्मा बदला.'

"अशी गिऱ्हाइकं तू कुठून आणतोस?" दुपारी डबा घेऊन आलेली सिल्के म्हणाली. सिल्के त्याची बायको. पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायची. त्यामुळे तक्रारी ऐकायची तिलाही सवय होती. तिनं राय धान्याच्या पावावर हेरिंग माशाचे तुकडे रचून माल्टेच्या पुढ्यात ठेवले.

"अगं, पण उठतो कसा तो? त्याला उठायला मी शिकवलंच नाही."

"मग स्वतःचा स्वतः शिकला असेल. तुझ्यासारखा हट्टी नसेल सगळ्यांचा करकोचा."

"चेष्टा करू नकोस. कुणीतरी माझ्या ग्रोटमूरमध्ये हात घातलाय. माझं उचलून, त्यावर कारागिरी करून परस्पर विकताहेत. या बाईंकडे तोच चोरीचा माल असणार. बिचारीला पत्ताही नसेल."

"किंवा त्या थोड्या अशा असतील," सिल्के कानाजवळ बोट फिरवत म्हणाली. "जेव आधी."

चोरीचा संशय माल्टेच्या डोक्यात पक्का बसला. त्यानं बाईंना गोड शब्दांत लिहिलं, की एखादं चित्र पाठवाल का, म्हणजे उलगडा होईल. चित्र आलं. माल्टेनं ते उघडलं आणि तो खुर्चीत ताठ झाला.

विटांचा गोठा. चाक. करकोचा पंख अर्धे उघडून घरट्याच्या कडेला, आणि त्याच्या वर, अगदी वर, क्लबचं पांढरं-निळं विमान. पण त्याची नजर खिळली ती खालच्या गवतावर. असं गवत त्यानं जन्मात कुणाच्या सिम्युलेटरमध्ये पाहिलं नव्हतं. प्रत्येक पातं निराळं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं, मधे पिवळी फुलं, त्यातली काही कोमेजलेली. कोमेजलेली फुलं कोण करत बसतं? मत्सरानं त्यानं चित्र आणखी मोठं करून पाहिलं. तो तक्रारबिक्रार विसरला आणि घाईघाईनं लिहून बसला, 'फारच सुंदर. तुमचं ग्राफिक कार्ड कोणतं? आणि हे गवत कुणी केलंय ते कृपा करून सांगाल का?'

उत्तर तासाभरात आलं. 'गवत कुणी करत नाही, ते उगवतं. कार्ड-बिर्ड काही नाही, येन्सचा जुना कॅमेरा आहे. येन्स डिसेंबरात गेला. ते चाक त्यानं छपरावर चढवलं त्याला कितीतरी वर्षं झाली. दर मार्चमध्ये तो बघत बसायचा, एकदाही कुणी आलं नाही. या वर्षी जोडी आली आणि अंडी घातली. त्याच्यासाठी म्हणून तरी ही अंडी उबली पाहिजेत. तुम्ही गवताचं काय विचारता? माणूस आहात की कोण?'

सिल्के नुकतीच डबा घेऊन आली होती. माल्टेनं मान वळवून हाक मारली, "सिल्के."

सिल्केनं चित्र पाहिलं, पत्र वाचलं आणि नवऱ्याकडे बघत राहिली. "माल्टे, हा फोटो आहे."

"हो."

"खऱ्या छपराचा."

"हो गं."

"आणि तू तिला ग्राफिक कार्ड विचारलंस."

पुढची दहा मिनिटं सिल्के हसत होती. हसून हसून तिनं टेबलावर डोकं टेकलं. माल्टेही हसला, पण आतून ओशाळला होता. उलगडा तसा साधाच होता. क्लबचं इंटरनेटवरचं स्वतःचं पान कधीच बंद पडलेलं. ग्रोटमूर विमानतळ म्हणून कुणी शोधलं, की पहिलं येणार ते माल्टेचं पान, वर मोठं खऱ्यासारखं चित्र आणि खाली ठसठशीत बटण: 'तक्रार आहे? आम्हाला लिहा.' बाईंनी लिहिलं. त्यांचं काय चुकलं?

त्यानं रीतसर माफी मागून कळवलं, की मी फक्त चित्रं बनवतो, विमानं माझी नाहीत, कृपया क्लबला फोन करावा. त्याचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचं उत्तर त्याला स्वस्थ बसू देईना. 'क्लबला दोनदा फोन केला. ते म्हणतात, आमची विमानं तुमच्यावरून जातच नाहीत, नियमच तसा आहे. तुम्ही म्हणता करकोचा हलत नाही. मग रोज माझ्या डोक्यावर काय चाललंय ते मला कोण सांगणार?'

नियम माल्टेला तोंडपाठ होता. उड्डाण केल्यावर गावाला आणि शेतांना वळसा पडावा म्हणूनच तर विमानं दूरवर सरळ जाऊन मग वळतात, आणि डावीकडच्या ओसाड माळावरून परत येतात. थीसेनबाईंचं शेत त्या वाटेत येतच नाही. पण फोटोत विमान तर होतं. शनिवारी त्यानं गाडी काढली.

आधी तो क्लबवर गेला. कॅन्टीनच्या बाहेर ऊवे लोरेन्सेन कुबडी टेकून बसला होता. ऊवे तिथला जुना शिक्षक. जानेवारीतल्या थंडीत घसरून त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून विमानात चढणं बंद.

"मोइन, माल्टे! अरे, तुझा तर पुतळा उभारायला हवा इथे," तो ओरडला. "पोरं घरी तुझ्या ग्रोटमूरमध्ये शंभर फेऱ्या मारून मगच इथे येतात. सगळं पाठ! माझ्या जागी नवा शिक्षक आलाय बव्हेरियातून. त्यानं येण्याआधी तुझ्यावरच तर सगळं शिकून घेतलं. पहिल्या दिवशी त्याला कॅन्टीनमधला संडासही विचारावा लागला नाही."

माल्टेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिवाणखान्यातले कप्तान कौतुक करतात ते वेगळं, आणि खरे वैमानिक करतात ते वेगळं. याच कौतुकासाठी तर त्यानं कोमट कॉफी पिऊन इतकी वर्षं काढली होती. थीसेनबाईंचं विचारल्यावर ऊवेनं हात झटकला. "म्हातारीला नवऱ्याच्या जाण्यानं भास होताहेत रे. आम्ही तिच्यावरून जातच नाही. जा, कॉफी पी तिच्याकडे. केक चांगला करते."

वीबके थीसेन उंच, हाडापेरानं मजबूत, सत्तरीच्या पुढची बाई निघाली. हात पुसत अंगणात आली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "गवतवाले का तुम्ही?"

"हो, फ्राऊ थीसेन."

"बसा. रुबार्बचा केक आहे. आवाज करू नका. मादी बसली आहे."

छपराच्या टोकावर खरोखरच ती बसली होती. घरट्याच्या काठावरून फक्त पांढरी पाठ आणि लाल चोच दिसत होती. माल्टेनं हळू आवाजात आपण काय करतो ते समजावायचा प्रयत्न केला, पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. तेव्हा त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढून केकच्या ताटलीशेजारी ठेवला आणि ग्रोटमूर उघडला. धावपट्टी, कॅन्टीन, मग रस्त्याकडेनं हळूहळू इकडे. बाईंनी चष्मा लावला.

"हे माझं घर."

"हो."

"पडदे चुकलेत. माझे निळे आहेत." मग त्या एकदम थांबल्या. "चाकावर करकोचा आहे."

"तो मी असाच ठेवलाय. शोभेला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तीन वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्षांपूर्वी येन्स होता," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी इथेच बसायचा, दुर्बीण घेऊन. आणि तुमच्या त्या पेटीत त्याच्या चाकावर करकोचा बसलेला होता. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात घरघर ऐकू आली. बाईंनी बोट वर केलं. पांढरं-निळं विमान पांढऱ्या कोठीपाशी डावीकडे कललं आणि सरळ गोठ्यावर आलं. छपरावरची मादी धडपडून उठली, चोच खडखडवत घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि पंख पसरून माळाकडे निघून गेली. लॅपटॉपच्या पडद्यावरचा करकोचा एका पायावर शांत उभा होता.

"हलत नाही म्हणे," बाई म्हणाल्या.

माल्टेच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. विमान इथे का वळलं? पण इथेच तर वळायचं असतं. पुस्तिकेतही तसंच आहे, कोठीपाशी डावीकडे. मग वाट चुकली कुठे? त्यानं विमानाच्या मागे मान वळवली. आणि तिथे, कोठीच्या पलीकडे, दूरवर, झाडीतून वर आलेलं एक लाल विटांचं उंच धुराडं दिसलं. खरंच सांगायचं तर क्षणभर त्याला वाटलं, हे इथे कसं आलं? हे तर इथे नसतं. कुणीतरी चुकून जास्तीचं ठेवलंय. इतक्या वर्षांत तो आपल्या ग्रोटमूरमध्ये इतका राहिला होता, की खरा ग्रोटमूरच त्याला चुकीचा वाटला. मग त्याला हेर क्लाविटर आठवले. अडखळणारं चित्र आठवलं. आपण काय उचलून टाकलं आणि कुठली ओळ बदलली, ते आठवलं. त्यानं केकची ताटली बाजूला सरकवली.

भासबिस काही नव्हते. बाईंनी तक्रार अगदी योग्य माणसाकडे केली होती. सगळ्या जर्मनीत एवढी रास्त तक्रार त्याच्याकडे आजवर कुणीच केली नव्हती, आणि तो त्यांना आवृत्ती विचारत बसला होता.

"फ्राऊ थीसेन," तो म्हणाला, "ही विमानं माझीच आहेत."

त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग इथे बसून मला काय सांगता? तिकडे जाऊन सांगा."

क्लबपर्यंतचा रस्ता चालत जाण्यासारखा होता, पण माल्टेला तो संपूच नये असं वाटलं. ज्या माणसानं तासापूर्वी पुतळा उभारायची भाषा केली, त्यालाच आता सांगायचं होतं, की तुझ्या पोरांना मी चुकीची वाट शिकवली. ऊवेनं ऐकलं. आधी हसला, मग भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बघितलं. तो तिथे कित्येक वर्षं टांगलेला होता आणि माल्टेचं सुंदर चित्र आल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग तो कुबडी टेकत आत गेला आणि रेडिओ उचलला.

"सगळ्यांनी ऐका. वळण धुराड्यापाशी. धुराड्यापर्यंत सरळ जायचं. कोठीचं विसरा."

"धुराडं कुठलं?" हवेतून एका पोराचा आवाज आला.

"समोर बघ, गाढवा!" ऊवे खेकसला. माल्टेनं मान खाली घातली.

त्या दिवसापासून विमानं माळावरून जायला लागली. दुसऱ्याच दिवशी माल्टेनं नवी आवृत्ती काढली. वीटभट्टी परत, झाडी परत, पुस्तिकेतली ओळ परत. चित्र पुन्हा अडखळायला लागलं. तक्रारींचा पाऊस पडला. माल्टेनं कॉफी पिऊन उत्तरं दिली.

पण अंडी गार पडलेली होती. महिनाअखेरीस बाईंचं दोन ओळींचं पत्र आलं. अग्निशामक दलाच्या शिडीवरून करकोच्यांची देखभाल करणारा माणूस चढून पाहून गेला. एकही अंडं जिवंत नाही. जोडी सोडून गेली.

माल्टे गाडी घेऊन गेला. बाईंनी केक केला नव्हता. दोघं अंगणात बसले, छपराकडे न बघता. "मला माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत आल्यावर त्यानं ग्रोटमूर उघडला आणि चाकावरचा करकोचा काढून टाकला. घरटं राहू दिलं. खऱ्यात नाही तर इथेही नको, असं त्याला मनापासून वाटलं. निदान एकदा तरी आपलं चित्र जगाशी जुळू दे. नव्या आवृत्तीबरोबर त्यानं ते पाठवून दिलं आणि सोमवारी तक्रारींनी पेटी भरली. करकोचा कुठे गेला? फाईल अर्धवट उतरली का? पैसे परत द्या. हेर क्लाविटरांनी तर लिहिलं, की गेली तीन वर्षं मी उतरताना त्याला हात करतो, आता कुणाला करू? माल्टे प्रत्येकाला एकच उत्तर देत गेला: 'चूक नाही. तिथे आता करकोचा नाही.'

देता देता तो एका पत्राशी आला आणि थांबला.

'आवृत्ती: सगळ्यांत नवी, भाचीनं काल घालून दिली. कॉम्प्युटर: भाचीचा, आता माझाच. आणखी काही बसवलंय का: नाही. तक्रार थोडक्यात: येन्सच्या चाकावर करकोचा नाही. माझ्या छपरावर नाही ते मी रोज बघते, ते मला तुम्ही दाखवायला नको. तुमच्याकडे तो होता म्हणून तर मी हे सगळं शिकत बसले. परत आणा. वीबके थीसेन, ग्रोटमूर. ता.क. पडदे निळे करा.'

माल्टेनं उत्तर लिहायला घेतलं, 'तक्रारीबद्दल आभार', आणि ते खोडलं. डोळे पुसले. मग त्यानं पडदे निळे केले आणि करकोच्याचा जुना पुतळा बाहेर काढला. एका पायावर उभा असलेला तो शोभेचा पक्षी आता त्याला बघवेना. सगळा दिवस खपून त्यानं त्याचे पाय दुमडले, मान खाली आणली आणि त्याला घरट्यात बसवलं. बसवण्याआधी त्याच्या पोटाखाली चार अंडी ठेवली. ती कधीच कुणाला दिसणार नव्हती.

आठवड्यानं हेर क्लाविटरांचं पत्र आलंच. करकोचा परतल्याबद्दल आनंद झाला, परंतु तो सारखा बसून का असतो? मी त्याच्यावरून बऱ्याच खालून विमान नेऊन पाहिलं, तरी जागचा हलत नाही. हे वास्तवाला धरून नाही, कृपया दुरुस्त करावं.

'हेर क्लाविटर,' माल्टेनं लिहिलं, 'तो उठणार नाही. अंड्यांवर बसलाय. तुम्ही धुराड्यापाशी वळत जा.'